दोन-चार मापाची बांगडी

८ जानेवारी

पर्सच्या आकाराची पंचवीस कार्डं दुकानात देऊन आले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाची आमंत्रणं, झाकण उघडलं की आत तारीख. या वेळी झाकणाची दुमड नीट बसली. रिकाम्या बॉलपेनने आधी रेघ दाबून घेतली की जाड कागद फाटत नाही. दुकानातल्या काकूंना आता घड्याळाची आणि झुमक्यांचीही कार्डं हवीत. मार्चपर्यंत जमणार नाही म्हटलं. दिवसभर वर्कशॉपमध्ये बोटींच्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज, संध्याकाळी हे. याहून जास्त होत नाही.

घरी आले तर वहिनी माझ्या खोलीत. डोहाळजेवण १ फेब्रुवारीला ठरलं. आमंत्रणं मी करायची. "हिरव्या बांगड्यांची कर. उगाच पाळणा, बाळाची पावलं नकोत." या बाबतीत आमचं एकमत. बाकी तीन वर्षांत, दादा जहाजावर गेला की आम्ही दोघी एकाच घरात एकमेकींना वळसा घालून राहतो. भांडण नाही. फक्त वळसा.

नमुन्यासाठी तिने हातातली एक बांगडी काढून दिली. सहज निघाली. "दोन-चारचं माप आहे," म्हणाली. म्हणजे दोन इंच आणि चार सोळांश, ५७.१५ मिमी. व्हर्निअर लावून बघितलं, ५७.१ भरली. कासारणीचं माप चोख.

९ जानेवारी

वहिनीची सोनोग्राफी. दादा नाही, आई तिळगुळाच्या कामात, म्हणून मी गाडी काढली. डॉक्टरबाईंनी मलाही आत बोलावलं. सव्विसावा आठवडा. बाळाची वाढ आठवड्यांच्या मानाने कमी. रक्तपुरवठा तूर्त ठीक. बीपी काठावर. तेवीस तारखेला पुन्हा. त्याआधी डोकं दुखलं, डोळ्यांपुढे चमकलं किंवा हातातोंडावर सूज आली तर लगेच. मी लिहून घेतलं. वहिनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली होती.

गाडीत बसल्यावर म्हणाली, "घरी काही बोलू नकोस. आईंना नाही आणि समीरला तर नाहीच. तिकडे समुद्रात बसून तो काय करणार आहे?"

मी "बरं" म्हटलं.

फार पटकन म्हटलं.

१२ जानेवारी

चाळीस कार्डं, प्रत्येकावर एकात एक अडकवलेल्या पाच बांगड्या. दोनशे वर्तुळं. कापायचा कंपास हातात धरून बोटाला वळ. कड ३ मिमी ठेवली, त्याहून बारीक केली तर कागद वळतो.

मजकूर आई सांगत होती, वहिनी खोडत होती. आई दिवसभर आनंदात. फोनवर बुरोंडीला बागेत फवारणी करत बसलेल्या बाबांनाही दोनदा वाचून दाखवला. जेवताना वहिनीच्या पानात तिसरा पापड आणि वर लोणचं. "घे गो, दोन जिवांची आहेस." वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी आमटीकडे.

१४ जानेवारी

संक्रांत. दादाचा व्हिडिओ कॉल, चार मिनिटं चालला. हलव्याचे दागिने घातलेली बायको बघून खूश. "मुकुट वाकडा बसलाय गो," म्हणून चिडवलं तिला. मग मला,

"तू होतीस ना सोनोग्राफीला?"

"होते."

"मग? काय म्हणाली डॉक्टर?"

"तेवीसला परत बोलावलंय."

"म्हणजे ठीक ना सगळं?"

तेवढ्यात आवाज तुटायला लागला. तुटला नसता तर काय म्हणाले असते, माहीत नाही. मी बोलले त्यात खोटं वाक्य एकही नाही. दोनदा तपासलं. तरी…

१७ जानेवारी

तयार झालेल्या कार्डांतली बारा आईने वाटूनसुद्धा टाकली. मला विचारलं नाही. "पोस्टाने कशाला, हातोहात दिली की माणसं येतात." दाभोळच्या मावशीचं कार्ड तिच्या शेजाऱ्यांबरोबर धाडलं. सगळ्यांना आवडली म्हणे, एकीने तर कागदाची बांगडी हातात घालून बघितली.

वहिनीने हसून ऐकलं आणि आत जाऊन पडली. दुपारी चारपर्यंत उठली नाही.

१८ जानेवारी

हिरव्याची छटा जुळेना. नवा कागद आला तो पोपटी. ताडून बघायला वहिनीकडे पुन्हा बांगडी मागितली.

"निघत नाहीये. थंडीने हात आखडलेत."

साबण लावला. बांगडी अंगठ्याच्या सांध्यापाशी अडकली, थोडी पुढे सरकली आणि फुटली. आवाजाने आई आली. मी म्हटलं, "बांगडी फुटली."

"फुटली काय गो म्हणतेस? वाढली म्हण."

सवाष्णीची बांगडी फुटत नाही, वाढते. देवापुढचा नारळही वाढवतात. लहानपणापासून ऐकत आले. डॉक्टरबाईंनीही तोच शब्द वापरला होता, बाळाची वाढ, आणि तिथे ती कमी पडलीय. मी खाली बसून काचा गोळा केल्या. वहिनीने हात ओढणीखाली घेतला.

थंडीत बांगडी सैल होते, घट्ट नाही. दहा दिवसांपूर्वी हीच बांगडी सहज निघाली होती. मला हे तिथल्या तिथे कळलं. आई समोर होती, म्हणून बोलले नाही. नंतर आई समोर नव्हती, तरी बोलले नाही.

१९ जानेवारी

शाफ्टच्या ड्रॉइंगवर एक माप लिहायचं राहिलं. साहेबांनी परत पाठवलं. असं माझं होत नाही.

संध्याकाळी वहिनीला विचारलं, डोकं दुखतंय का.

"नाही."

"डोळ्यांपुढे काही चमकतं?"

"तू डॉक्टर आहेस का?"

नाही. खोलीत बामाचा वास होता. तेवीस तारीख चार दिवसांवर आहे. उद्या बघू असं ठरवलं.

२० जानेवारी

वर्कशॉपमधूनच डॉक्टरबाईंना फोन केला. बांगडीचं सांगितलं, तारखांसकट. वाटलं, हसतील. त्या म्हणाल्या, "आत्ता घेऊन या."

घरी पोचले तेव्हा साडेअकरा. वहिनी भाजी निवडत होती. मी म्हटलं, चल. तिला कळलं.

"तुला एकच गोष्ट सांगितली होती."

आई ओट्यापाशीच होती. तिने गॅस बंद केला. "कसली गोष्ट?"

मग मी सांगितलं. तीन वाक्यांत झालं. वहिनीने भाजीची परात बाजूला ठेवली आणि चपला घातल्या.

बीपीचा खालचा आकडा शंभरच्या वर. लघवीत प्रोटीन. लगेच भरती करून घेतलं. बाळाच्या फुफ्फुसांसाठी इंजेक्शन सुरू, उद्या दुसरं. लवकर बाहेर काढावं लागेल का, ते दोन-तीन दिवसांत ठरेल. मी विचारलं, परवा आणलं असतं तर? डॉक्टरबाई म्हणाल्या, "आज आणलंत ना." हे उत्तर नाही.

आई बाहेरच्या बाकावर. "तुला माहीत होतं?"

"हो."

"नऊ तारखेपासून?"

"हो."

मग म्हणाली, "आणि मी रोज पापड-लोणची वाढत बसले तिला."

२१ जानेवारी

दादाला जहाजाच्या फोनवर गाठलं. सगळं सांगितलं, चौदा तारखेचंसुद्धा. तो म्हणाला, "मी सरळ विचारलं होतं तुला." विचारलं होतं. पुढचं बंदर सहा दिवसांवर. तिथून उतरायची परवानगी मागतोय.

आई बारा घरी फोन करतेय. "पुढे ढकललंय" असं सांगते. ढकललंय म्हणजे पुढची तारीख असायला हवी. ती नाहीये. मी सुचवलं, "रद्द म्हण." आई म्हणाली, "तो शब्द माझ्या तोंडून निघणार नाही. तुला बोलायचं तर तू बोल." मी नाही बोलले. उरलेली अठ्ठावीस खोक्यात भरून खोकं टेपने बंद केलं.

२२ जानेवारी

बीपी औषधांवर स्थिर. दुसरं इंजेक्शन कालच झालं. बाळ हलतंय. बाबा बुरोंडीहून आले, बाग गड्याच्या भरवशावर टाकून. वहिनीच्या उशाशी उभे राहून विचारतात काय, तर "इथे मासे देतात का गो?" ती हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. मी आत गेले तशी थांबली. डबा ठेवून बाहेर आले.

तिचं चुकतंय असं म्हणता येत नाही. तिने सांगू नको म्हटलं, मी कबूल केलं, मग मोडलं. पण मोडलं तेही दोन दिवस उशिरा. दोन्ही बाजूंनी बघितलं तरी हिशेब माझ्याच विरुद्ध जातो.

२३ जानेवारी

सकाळी नऊला आले. दहा वाजता पुन्हा सोनोग्राफी. वजन आणि रक्तपुरवठा बघून डॉक्टरबाई ठरवणार, आजच की थांबायचं. बाहेर बसणार होते. नर्स म्हणाली, पेशंट बोलवतेय.

वहिनी छताकडे बघत होती. चेहरा सुजलेला.

"तू आत थांब माझ्याबरोबर. आई रडतील. समीर फोनवर म्हणेल, सगळं छान होईल. मला त्या वेळी काही ऐकू येत नाही. तू लिहून घे आणि नंतर मला वाचून दाखव."

"वाईट असलं तर?"

"जे असेल ते. मऊ करून सांगू नकोस." मग थोड्या वेळाने, "नाहीतरी तुला ते जमत नाही."

माफ केलंय असं नाही. मी स्टूल ओढून बसले. पान काढून वर तारीख घातली, अठ्ठाविसावा आठवडा असं लिहिलं. खाली 'वजन', त्याच्या खाली 'रक्तपुरवठा', पुढे जागा मोकळी. वहिनीने मान वळवून पान बघितलं. म्हणाली, "मोठ्या अक्षरात लिही. मलाही दिसायला हवं."

दहाला पाच कमी. बाहेर डॉक्टरबाईंचा आवाज.