टरबुजाचे चाळीस द्रोण

५ डिसेंबर १९९७

बिघडलं! चाळीस द्रोणांत टरबुजाचं बी उगवलं खरं, पण रोपं वीतभर लांब, पांढरी, सुतासारखी. सगळी आडवी पडली आहेत. थंडी लागू नये म्हणून चुलीजवळ टोपलीखाली झाकली होती. पाणी दिवसातून तीनदा — मीच दिलं.

दरवर्षी बी सरळ नदीच्या वाळूत टोचतो. यंदा दसऱ्याआधी लकवा झाला, डावा पाय ओढावा लागतो. रंभा म्हणाली, "तुमी घरी बसून रोपं करा. रेतीत खड्डे मी खनतो." बायको नदीवर आणि मी चुलीपाशी. एवढं एक काम, तेही धड नाही.

६ डिसेंबर

वाळूतल्या पट्ट्याचीच काळजी. कोजागिरीनंतर नदी उतरली की समाजाची माणसं वाळू दोरीनं मोजतात. ज्या घरचा पुरुष दोरीचं टोक धरेल त्या घरालाच पट्टा. यंदा मी खाटेवर, आमचा पोरगा सुरेंद्र कोरपन्याला कामावर. त्याला सुट्टी मिळाली नाही. रंभानं दोरी धरली. म्हणते, "नानाजी म्हनले, बाबुलाल बिमार हाये, चालते." नानाजी आमचा मुखिया, कडक माणूस. त्यानं मानलं, उपकारच. पण अमावस्येपर्यंत वेल दिसला नाही तर पट्टा दुसऱ्याला! आणि माझी रोपं ही अशी.

७ डिसेंबर

शेजारची रुखमाबाई पाहून गेली. "आंधारात कोंडलं त उजेड पाहाले पळनच नं ते! रोपं करून राह्यला का भात शिजवून राह्यला, भाऊ?" म्हणाली — उजेड दे, चुलीपासून दूर ठेव, पाणी कमी कर, मानेपर्यंत वाळू भर.

८ डिसेंबर

रंभाकडून छपराचे दोन कवेलू काढून घेतले. "आता देवालेच घर दिसते आपलं," ती पुटपुटली. उन्हाचा तुकडा सरकतो तसे मी काठीनं द्रोण सरकवतो. दिवसभर तेच.

९ डिसेंबर

सात मेली. घाई केली — भर उन्हात अंगणात ठेवली होती.

१३ डिसेंबर

वाळू भरली. पाच देठाशी कुजली. आता बोट खुपसून कोरडं लागलं तरच पाणी. पुठ्ठ्यानं वाराही घालतो, देठ जाड होतो म्हणतात. रंभा पाहून हसली, "माह्या जीवाले एवढा वारा कधी नाई घातला!" मग एकाएकी पाण्याचा पितळी गुंड कमरेवर घेऊन पाण्याला गेली. गुंड भरलेलाच होता.

१७ डिसेंबर

आणखी सात गेली. काही होणार नाही यांचं.

हरिदास आला होता. वाळूत शेजारी असतो आमच्या. "नर्स ठेवा एक रोपांले, भाऊ." मी विचारलं, पट्टा पाहिलास का माझा? "पाह्यला नं." चहा न घेताच उठला.

२३ डिसेंबर

नवीन पानं! कातरलेली, हिरवीगार, आणि देठ बुटका. एकवीस उरली. चार वेळा मोजली. तरी भरवसा वाटत नाही. पाय तसाच.

२८ डिसेंबर

उद्या अमावस्या. रंभा म्हणते, मीच नेतो द्रोण, तुमी नका येऊ. मी म्हटलं, लावणार मी. भांडलो. "तुमाले समजत काऊन नाई!" म्हणून रडली. मी पडेन म्हणून भिते.

२९ डिसेंबर

रंभा आरमोरीला बाजाराला गेली. मी शेजारच्या सुकलूच्या सायकलवर टोपली ठेवून निघालो. तो हळूहळू पुढं, मी काठी टेकत मागं.

आमच्या पट्ट्यात हातभर वेल होते! वाटलं, रंभानं गुपचूप लावले. मग हरिदास उठून आला. मान खाली.

"वहिनीनं दोरी धरली होती, भाऊ. नानाजीनं हातातून काढून घेतली. बाईच्या हातची दोरी नाई चालत म्हनला. पट्टा मले देल्ला."

"मग ती रोज कुठं येते?"

"इथीच. माह्याकडे रोजीनं."

मी वाळूतच बसलो. सुकलू म्हणाला, टोपली परत नेऊ का? परत नेऊन काय करू? हरिदासचं बी काही खड्ड्यांत उंदरांनी उकरलं होतं. तो खड्डा करत गेला, मी लावत गेलो. एकवीसही लागली.

३० डिसेंबर

रंभाला सांगितलं — आपल्या पट्ट्यात लावली. हरिदासचं नाव घेतलं नाही. तिनं रिकामी टोपली उचलून कोपऱ्यात ठेवली. मग म्हणाली, "बरं झालं."

आज सकाळी गुंड घेऊन निघाली. "आपल्या वेलाईले पानी टाकून येतो."

मी म्हटलं, ये.