घडीवरून वळलेला नवरदेव

जबलपूर

तीर्थस्वरूप अच्युतदादांना अंबरीशचा साष्टांग नमस्कार (या वेळी खरंच आडवं पडून घालावा असा). वहिनींचा गुडघा आता जिना चढू देत असेल, अशी आशा आहे. आम्ही सगळे बरे आहोत; मी मनाने नाही. फोन करणार होतो, पण फोनवर मी तुमच्या आधीच स्वतःला रागावून घेतो आणि मग तुम्हालाच माझी समजूत काढावी लागते. म्हणून हे पत्र नागपूरला निघालेल्या अतुलच्या हाती देतो आहे.

प्रणोतीच्या लग्नाच्या लाडवांची खोकी मी बिघडवली.

पत्रिकेत चिरागरावांचं नाव बारीक पडलं म्हणून त्यांच्या आई, सत्यभामाबाई, रुसल्या होत्या. भरपाई म्हणून खोक्याच्या झाकणावर नवरानवरीचे चेहरे सारख्याच मापाचे, शेजारी शेजारी छापायचं ठरलं. तुम्ही नागपुरातच करून घेणार होता. "घरचा छापखाना असताना बाहेर काहून?" असं मीच म्हणालो. (न बोललेली वाक्यं तेवढी माझी चांगली.)

छपाई सुरेख झाली. पुढचं काम डायचं. डाय म्हणजे लाकडी फळीत पोलादी पात्या बसवलेला साचा. धारेची पाती खोकं कापते, बोथट पाती घडी पाडते. छापताना कागदाच्या ज्या कडा मशीनला टेकवल्या, त्याच कापतानाही टेकवायच्या. चित्राची जागा साच्याला त्यावरूनच कळते. हे मी लोकांना वर्षानुवर्षं सांगत आलो. पण गठ्ठे कमानिया गेटजवळच्या डायवाल्याकडे न्यायच्या आधी मला ते ओबडधोबड दिसले. लग्नाचा माल असा बरा दिसतो का? कटिंगवाल्या भैयाला मी चारही बाजूंनी बारीक पट्टी उडवायला सांगितली. "अरे अंबरीशजी, एकदम चकाचक कर देता हूँ!" म्हणाला, आणि केलंही. पट्टीबरोबर त्या कडाही गेल्या. प्रत्येक गठ्ठा वेगळा कापलेला, त्यामुळे प्रत्येक गठ्ठ्यात चित्र वेगळं सरकलं.

डायवाल्याकडून माल आल्यावर घरी मनीषाने एक खोकं दुमडलं, फिरवून पाहिलं. "अहो, नवरदेव कुठं गेला?" नवरी झाकणावर हसत होती, चिरागराव अर्धे झाकणावर आणि अर्धे घडीवरून वळून बाजूच्या भिंतीवर. (चेहरे मोठे दिसावेत म्हणून घडीला अगदी लागून घेतले होते, तीही माझीच हौस.) दुसऱ्या गठ्ठ्यात त्यांचा एक कान तेवढा वर राहिला होता. "लग्नाआधीच पळून राहिले जावई," मनीषा हसली, मग माझ्याकडे पाहून थांबली. तिचं ते थांबणंच जास्त लागलं. रोजनिशी उघडली, पण हे नीटनेटकेपणाने घडलं लिहू की गर्वाने, ते ठरेना.

एकही खोकं बाहेर जाऊ नये म्हणून सगळी स्वतःच्या हातांनी फाडून ओमतीच्या रद्दीवाल्याला दिली. नवी छापली, कडांना कुणाला बोट लावू दिलं नाही. दोघंही नीट झाकणावर आहेत. प्रणोतीला यातलं सांगू नका. काकाच्या छपाईचं तिला लहानपणापासून कौतुक आहे, तेवढं राहू द्या.

तुमचा (अजून म्हणवून घ्याल तर)
अंबरीश

ता. क. नमुना आधी विहीणबाईंना पाठवा, असं तुम्ही म्हणाला होता. डायवाल्याने तो बिघडलेल्या मालातूनच, परस्पर, कुरिअरने धाडला. मला काल कळलं.

आणखी ता. क. कळलं ते सत्यभामाबाईंच्या फोनमुळे. चिराग कोपऱ्याआडून प्रणोतीकडे डोकावतो आहे, ही कल्पना त्यांना इतकी आवडली, की सगळी खोकी हुबेहूब तशीच हवी आहेत. दादा, मी सकाळपासून खटपट करतो आहे, पण ती चूक पुन्हा तेवढी नेमकी जमत नाही. तुम्हीच त्यांना सांगाल का? पत्र खरं तर त्यासाठीच आहे.