शारदेचा गुडघा आणि माझं करडईचं तेल

२ फेब्रुवारी, रविवार
ॲरोमाथेरपीचा ऑनलाइन कोर्स पूर्ण! सर्टिफिकेट डाउनलोड केलं. दोन वर्षांनी रिटायर झालो की बुलढाण्यात स्वतःचं सेंटर. पहिली पेशंट घरातच. बायको. शारदेचा उजवा गुडघा दिवाळीपासून दुखतो, गच्चीचा जिना चढणं बंद. डॉक्टरकडे जाते म्हणत होती. ठामपणे नाही म्हटलं. मला पंधरा दिवस दे फक्त.

३ फेब्रुवारी
लोक लॅव्हेंडर लॅव्हेंडर करतात, पण खरं काम कॅरिअर ऑइलचं. अर्क नुसता लावला तर कातडीची आग होते, साध्या तेलात मिसळूनच लावायचा. कोर्सवाले जोजोबाचं तेल म्हणतात. नसते नखरे! आपली करडई काय वाईट आहे? एसटीने धाड गावाला गेलो, तेलघाणीवाल्या निवृत्तीकडून दोन लिटर ताजं तेल आणलं. तो म्हणाला, साहेब, ठेच्यावर टाकून पाहा. मी त्याला त्वचेचं विज्ञान समजावलं. तो म्हणाला, हाव साहेब, पण ठेच्यावर टाकून पाहा.

४ फेब्रुवारी
शारदेला लिहून दिलं : दोन चमचे करडई, पाच थेंब लॅव्हेंडर, रोज दुपारी मालिश. तिने कागद घडी घालून मिसळणाच्या डब्याखाली ठेवला. म्हणजे पटलं.
स्वतःही पहाटे उठून मालिश करणार. उद्यापासून.

७ फेब्रुवारी
उठलो नाही. थंडी.
पण शारदेची शिस्त बघा! तेल चार बोटं खाली. संध्याकाळी दार उघडलं तर घरभर लॅव्हेंडर. फरशीसुद्धा घमघमते.

१० फेब्रुवारी
गुडघा हलका वाटून राह्यला म्हणाली! सहा दिवसांत! शेजारच्या वामनरावांना लगेच सांगितलं. ते म्हणाले, वहिनी दुपारी ऑटोत दिसल्या. म्हटलं, बघा, बाहेर पडायला लागली.

१३ फेब्रुवारी
एक लिटर खलास. हल्ली ठेचा फर्मास होतो, दोन भाकरी जास्तच जातात. मन शांत असलं की भूक लागते. वजन दीड किलो वर.
रविवारी गच्चीवर प्रात्यक्षिक. सेंटरचा पायाच म्हणा ना.

१६ फेब्रुवारी, रविवार, दुपार
वामनराव, त्यांची बायको छायावहिनी आणि ऑफिसातले चौघं गच्चीवर. शारदा अख्खा जिना न थांबता चढून आली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. भाषण केलं. मग छायावहिनींनी विचारलं, तेल चोळलं कसं?
शारदा म्हणाली, चोळलं कुठं, रोज ठेच्यावर टाकलं. अन् त्या शिशीतले थेंब पोछ्याच्या पाण्यात. गुडघ्याले तर पाच तारखेपासून दवाखान्यात जाऊन राह्यली, डॉक्टरनं व्यायाम देला.
वामनराव तर पोट धरून हसले.

संध्याकाळ
विचारलं, मले सांगितलं काऊन नाही? म्हणाली, तुमी एवढे खुश होते, मनच नाही झालं. फार वाईट वाटलं. पण ती जिना चढली, हेही खरं.
आत्ता वामनरावांचा फोन. सहाही जणांना करडईचं तेल हवंय. वासाचं काही नको म्हणाले.
उद्या सकाळची धाडची एसटी. शारदेने मोठा कॅन धुऊन दारात ठेवलाय.