बाजूला ठेवलेली दोन चित्रं

बोईसर,
शनिवार

प्रिय अनुज,

चार दिवस तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. शेजारच्या वत्सलाकाकी उद्या तुमच्या माहीमला भाचीकडे चालल्यात, त्यांच्या हाती पत्र देते. आईला वाचून दाखवू नकोस. तुझं तूच वाच आणि शेवटपर्यंत वाच.

तुझ्या भावोजींना कंपनीच्या टाकीतून बेशुद्ध बाहेर काढलं त्याला येत्या मंगळवारी अकरा महिने होतील. लोक येतात, बघतात आणि म्हणतात, हातपाय शाबूत हायत, बोलतो, नशीब समज. मी मान हलवते. सहा-सात मिनिटं श्वास मिळाला नाही, तेवढ्यात डोक्यातलं काय काय गेलं ते बाहेरून दिसत नाही. पेला उचलायला गेले की हाताला झटका बसतो आणि पाणी छातीवर सांडतं. शर्ट मांडीवर घेऊन अर्धा अर्धा तास बसून राहतात. घालायचा आहे हे कळतं, पण सुरुवात कुठून करायची ते सुचत नाही. मी विचारते, जेवलात का, तर माझ्याकडेच बघतात, उत्तर मी सांगेन म्हणून.

आठवड्यातून दोनदा त्यांना पालघरला हिमानी मॅडमकडे नेते. ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात त्याला. मला वाटलं होतं हातपाय चोळतील, व्यायाम देतील. तसं नाही. रोजची कामं परत शिकवतात. मनगटाला वजनाचा पट्टा बांधतात, म्हणजे झटका जरा आवरतो. बटण लावताना मॅडम स्वतःचा हात त्यांच्या हातावर ठेवतात. म्हणतात, चूक होऊच द्यायची नाही, नाहीतर डोकं चूकच पाठ करतं. चहाची सहा चित्रं करून दिलीत, ती ओळीने लावायची आणि तसं करायचं. गेल्या महिन्यात त्यांनी पहिल्यांदा एकट्याने चहा केला. पावडर टाकायची राहिली होती. ते गोड दूधपाणी मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले आणि मोरीत जाऊन रडले.

मग मॅडम म्हणाल्या, नऊ वर्षं टाकी साफ करायचं जे काम केलं त्याचीही चित्रं करून बघू, जुनं हातात पक्कं बसलेलं असतं. टाकीत उतरायच्या नियमांचा, कंपनीने चौकशीच्या वेळी दिलेला कागद माझ्याकडे होता. त्यावरून मॅडमनी सहा चित्रं काढली. टाकीचं झाकण उघडणे. पंखा लावून आतली हवा बाहेर काढणे. वायूचं मीटर आत सोडून हवा तपासणे. कमरेला दोर बांधणे. वर माणूस उभा करणे. आत उतरणे. चहाला रोज अडखळणारा माणूस, अनुज, ही चित्रं त्याने एका दमात लावली. पण चारच लावली. पंखा आणि मीटर उचलून बाजूला ठेवले. मॅडमना वाटलं, विसरले. त्यांनी ती दोन परत हातात दिली. तुझ्या भावोजींनी ती परत बाजूला ठेवली. तिसऱ्या वेळी चिडले. "हे नाय. हे नसतं," म्हणाले. मॅडमनी हळूच विचारलं, "कधीच नसतं?" तर म्हणाले, "सायेब आला तरच."

त्या दिवसाचं त्यांना काहीच आठवत नाही. पण रोजचं आठवतं. कंपनीच्या अहवालात लिहिलंय की हवा तपासली होती आणि तुझे भावोजी कमलेश कुणाला न विचारता आत उतरले. मीही अकरा महिने तेच खरं मानून त्यांच्यावर मनात रागावत होते. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांना जेवण भरवताना सांगावंसं वाटलं, पण कोणत्या तोंडाने सांगणार?

परवा कंपनीचा ठेकेदार रामकिसन घरी आला. पेढे घेऊन. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. भिंतीला ती टाकीची चित्रं चिकटवली होती, त्यांच्यापाशी बराच वेळ उभा राहिला. विचारलं, "भाभी, ये किसने बनाया? किसको दिखाया?" मी म्हटलं, दवाखान्याचा अभ्यास आहे. तो हसला. मग पेढ्यांचा बॉक्स पुढे करून म्हणाला, "अनुज को ले लिया. सोमवार से. उसी टँक पे." मी बॉक्स घेतला नाही. तर म्हणाला, "आपने ही तो बोला था ना, भाई को लगा लो."

खरं आहे ते. दोन वर्षांपूर्वी मीच म्हटलं होतं, मासेमारीच्या होडीवर त्याचं भागत नाही, कुठेतरी चिकटवा. तू लपवलंस ते माझ्या भीतीने, हे कळतं मला. पण त्याला आत्ताच तू का हवास, याचा विचार कर. भाऊ त्याच्या कामावर असला की बहीण तोंड उघडत नाही. चौकशी परत उघडावी म्हणून मी आणि मॅडमनी अर्ज लिहिलाय, तो सोमवारी दुपारी पालघरला सरकारी कचेरीत देणार आहे. त्याआधी सकाळी सात वाजता मी तुझ्या भावोजींना घेऊन कंपनीच्या गेटवर उभी असेन. त्यांना अंघोळ घालून, कपडे चढवून निघायला मला दोन तास लागतात, म्हणजे पाचला उठेन. मी तुला हाताला धरून ओढणार नाही. आत जायचंच असेल तर त्यांच्यासमोरून जा.

तुझीच,
दीपिकाताई