रेडिओ मोठा होता

मुलुंड, मंगळवार, फेब्रुवारी १९८४

दुपारी दोनच्या इंग्रजी बातम्या मी रेडिओवर वाचत होते, तेव्हा इथे खालच्या मजल्यावर सुषमाचा नवरा तिला मारत होता. मोरीच्या कठड्यावर डोकं आपटलं. दोन दात पडले, कान फाटला. संध्याकाळी आले तर जिन्यात अजून रक्त. तिच्या शेजारच्या परबकाकूंना विचारलं, तुम्ही घरातच होता ना?

"होते गं. पण तुझ्या बातम्या लावलेल्या ना, मोठ्याने. काय ऐकू येणार?"

तो रेडिओ त्यांच्याच डोक्यात घालावासा वाटला.

मी मूळची स्कॉटलंडची. तिथे बाबा आईला पट्ट्याने मारायचे तेव्हा भिंतीपलीकडे असाच रेडिओ मोठा व्हायचा. मी सात वर्षांची. तेव्हाच ठरवलं होतं का, की आपण त्या रेडिओत जाऊन बसायचं, म्हणजे मार लागणार नाही? सोळा वर्षं झाली इथे संसार करून. सगळे म्हणतात, बाईमाणूस असून काय खणखणीत आवाज. खणखणीत. त्याच आवाजाखाली सुषमाचे दात पडले.

परबकाकूंना इंग्रजीचं एक अक्षर कळत नाही.