टाकीला लागलेलं ग्रहण

आणि पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र दर महिन्याला लहान होतो, हे तुमचं म्हणणं मला आजही मान्य नाही, मामा. "चौथीत दोनदा नापास झालेल्यानं मला आकाश शिकवू नये," असं तुम्ही लिहिलंत, ते वाचून जेवण गेलं नाही. (गेलं, पण कमी.) असो. पायांवर डोकं ठेवतो. मामींचा गुडघा कसा आहे? माझी तब्येत जमिनीवर ठणठणीत असते, वरची विचारू नका.

तर चंद्राचं मला कसं कळलं ते ऐका. तुमच्या ओळखीनं लागलेल्या या कामात गॅसच्या टाक्या रंगवायच्या असतात. एकेक टाकी चार मजली उंच, चेंडूसारखी गोल, पांढरीफटक. वरून दोर, दोराला फळी, फळीवर मी. पहिल्या दिवशी बसलो आणि दोन्ही हातांनी दोर असा धरला की ब्रशला हातच उरला नाही. तेव्हापासून चढायची पाळी आली की मी मुकादमाला म्हणतो, रंग कुठं सुटलाय ते आधी खालून बघून येतो, आणि टाकीभोवती फेऱ्या मारत राहतो. संध्याकाळचं ऊन एका बाजूनं येतं. उन्हाकडे पाठ करून उभं राहिलं की अख्खी टाकी लखलखीत. बाजूला आलं की अर्धी. आणखी मागं गेलं की नखाएवढी कोर, आणि पार मागं गेलं की काळा गोळा. टाकी बिचारी जागची हलत नाही, तिच्या अर्ध्या अंगावर ऊन असतंच; जागा बदलतो तो मी. चंद्राचंही तेच. तोही कायम अर्धा उजळलेला. आपल्याभोवती फिरतो म्हणून त्याची उजेडाची बाजू कधी सगळी दिसते, कधी थोडी, कधी मुळीच नाही. त्यात सावलीचा काही हात नाही. भित्रा माणूस फेऱ्या मारून किती शहाणा होतो बघा.

सावलीचं काम वेगळं, आणि ते माझ्यावरच बेतलं. मंगळवारी मुकादमानं माझा कावा ओळखला. "तुझ्या फेऱ्यांनी टाकीला भोवळ येईल, चढ आता," म्हणाला. पोट टाकीला चिकटवून, डोळे मिटून मी ब्रश चालवत होतो. (डोळे मिटूनही रंग बरा लागतो.) जरा डोळे उघडले तर खालून एक काळी गोल कड सरकत वर येत होती. पाय गेले, गुडघे गेले, पोट गेलं, अंगावरचं ऊन विझलं. मला वाटलं, मरण असंच येत असणार, खालून सुरुवात. मी इतका ओरडलो की अर्धा कारखाना गोळा झाला. "अरे गाढवा, शेजारच्या टाकीची सावली आहे," मुकादम खालून म्हणाला. सूर्य, ती टाकी आणि माझी टाकी एका रेषेत आल्या होत्या. एरवी सूर्य थोडा सरकून मावळतो आणि सावली बाजूनं निघून जाते. पौर्णिमेचा चंद्रही बहुतेक वेळा पृथ्वीच्या सावलीच्या वरून नाहीतर खालून असाच निसटतो; सापडला तर चंद्रग्रहण. आणि लटकलेल्या माझ्यापुरता सूर्यच झाकला गेला होता. अमावास्येला चंद्र मधे आला की सूर्यग्रहण होतं, ते तसंच.

आता मुकादम म्हणतो, सोमवारी टाकीचा शेंडा रंगवायचा. चढलास तर जादा भत्ता, नाहीतर घरची वाट. आईच्या मोतीबिंदूचे पैसे त्या भत्त्यातूनच यायचे आहेत. मी घाबरलेलो नाही. फक्त हल्ली खाटेवरूनही जमीन लांब वाटते, म्हणून खाली झोपतो.

तुमचा भाचा (सध्या खालीच)

ता. क. खरं म्हणजे तुमचा राग उतरावा म्हणून एवढं लिहिलं. मुकादम तुमचं ऐकतो. त्याला लिहा, पोराला खाली रंग कालवायला ठेव. भीतीचं लिहू नका, चक्कर येते असं लिहा.

ता. क. २. लिहू नका. पत्र टाकायला निघालो तर मुकादमानं शेंड्याचा भत्ता आगाऊच हातावर ठेवला, आणि माझी मूठ मला न विचारता मिटली. आईला डॉक्टरांची तारीख घ्यायला सांगा. परत करायची सोयच उरू नये म्हणून सगळे पाठवतोय. अडीच हजार.