फावल्या वेळातल्या कवळ्या

९ जुलै

प्रिय दादा,

नमस्कार. तुझी प्रकृती उत्तम असणारच. दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवणाऱ्यांना सहसा काही होत नाही. एकाच घरात राहून पत्र लिहितेय, कारण तीन आठवडे आपण बोलत नाही आणि वहिनी निरोप्याचं काम करून कंटाळली आहे.

आधी व्हिसाची खबरबात. अर्ज करून एकोणीस महिने झाले. रोज साइट उघडायची, रोज तेच वाक्य वाचायचं: ‘तुमचा अर्ज विचाराधीन आहे.’ इतका विचार तर लोक लग्न करतानाही करत नाहीत. आणि त्यांना म्हणे कुशल माणसं तातडीनं हवी आहेत! त्यांची वाट पाहता पाहता माझी वैद्यकीय तपासणी शिळी झाली, पोलिसांचा दाखला शिळा झाला, भाषेची परीक्षा दुसऱ्यांदा दिली. एजंटमहाशय दर वेळी एकच सांगतात, “होईल हो ताई, धीर धरा.” एवढं सांगायला त्यांनी काचेचं ऑफिस थाटलंय.

शेवटी व्हिसावाल्या साहेबांनी तोंड उघडलं, ते काय सांगायला? तर तुमच्या मालकाच्या पत्रानुसार तुम्ही कुशल कारागीर ठरत नाही. अठ्ठावीस दिवसांत खुलासा करा, नाहीतर अर्ज निकालात.

मालक म्हणजे तू. तुझं पत्र मी न वाचताच पाठवलं होतं. सख्ख्या भावाचं पाकीट कोण फोडून बघतं? आता वाचलं. ‘माझी बहीण फावल्या वेळात माझ्या कवळ्यांच्या लॅबमध्ये मदत करते.’ अकरा वर्षं, दादा! मेणात एकेक दात बसवणं, वरचे-खालचे जुळवणं, घासून चकाकी आणणं, हे सगळं फावल्या वेळात? मग तुझा भरलेला वेळ कुठे जात होता? आपल्याला कामं देणाऱ्या दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात चहा पिण्यात.

पुराव्याला कामाचे फोटो पाठवावेत, तर प्रत्येक कवळीच्या आत तुझी खूण. दोन रेघा, एक टिंब. बाबांचा नियमच तो, लॅबमधून बाहेर पडणाऱ्या कवळीवर खूण थोरल्याची. ती कोरली मात्र मी, स्वतःच्या हातानं. माझ्यासारखी मूर्ख मीच.

तिकडच्या लॅबमध्ये माझी जागा अजून राखून ठेवली आहे. तिथे माझ्या कामावर माझी खूण असेल. मला तेवढंच हवंय.

आणि हे लिहायचं नव्हतं, पण लिहिते. सहा वर्षांपूर्वी तुझ्या हातातून मेणाची सुरी तिसऱ्यांदा पडली. मी काही न बोलता तुझ्या टेबलावरचं काम माझ्याकडे ओढून घेतलं. खरं लिहिलंस तर ते फिरून डॉक्टरांच्या कानी जाईल, त्यांना तुझा थरथरता हात कळेल, आणि मी गेले तर तो झाकायला कुणी उरणार नाही, ही तुझी भीती. मला तिची कीव येते. पण त्यासाठी मला अडाणी ठरवलंस, याचा राग जात नाही.

सात दिवस उरलेत. सोबत नवं पत्र टाइप करून जोडलंय. तुझ्या हाताबद्दल त्यात चकार शब्द नाही, फक्त माझ्या हाताबद्दल आहे. खाली सही कर. वाकडी आली तरी चालेल. एवढं एक काम मात्र मी तुझ्यासाठी करून देणार नाही.

तुझी,
अकरा वर्षं पूर्णवेळ,
धाकटी